परड्यातले हरियल



आमच्या परड्यात न्हाणीच्या मोरीशेजारी एक उंबर आहे. कुणी लावलेला नाही. एखाद्या पाखराच्या विष्ठेतून बी पडलं असणार, मोरीचं पाणी मिळालं आणि वाढला. आपल्या घरात उंबराचा उपयोग काय? वड, पिंपळ, पाकर, कठूंबर आणि उंबर, ही पाच फळं आपण कळत नव्हतं तेव्हापासून सोडलेली. उंबर फोडला की आत बारीक किडे वळवळताना दिसतात, त्यामुळे का सोडायचं हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. फळं खाली पडतात, सडतात, त्यावर चिलटं बसतात. सकाळी झाडताना कुणी चिरडू नये म्हणून मी मऊ केरसुणीनं हळूहळू गोळा करते. मुळ्या मोरीत शिरल्या म्हणून ह्यांनी दोनदा झाड तोडायचं काढलं. दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, "आपण खात नाही म्हणून ते कुणाचंच नाही, असं कसं?"

कुणाचं आहे ते मला चार वर्षांपूर्वी कळलं. माघातली सकाळ होती. मी पाणी गाळत होते. वारा अजिबात नव्हता आणि उंबराची पानं मात्र इथं हलायची, तिथं हलायची. बादली खाली ठेवली, तेवढ्या आवाजानं फडाफड पंख वाजले आणि सात-आठ पक्षी झाडातून निघून गेले. एवढे पक्षी त्या झाडात होते आणि मला एकही दिसला नव्हता!

ते हरियल. काहीजण हरोळी म्हणतात. आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पण आपल्यातल्या किती जणींनी तो पाहिलाय? मंदिराच्या शिखरावर बसतो तो राखाडी पारवा, तेवढंच कबूतर आपल्याला माहीत. हा आकारानं त्याच्याएवढाच, पण मान आणि छाती पिवळसर हिरवी, डोकं राखाडी, खांद्यावर जांभळट ठिपका, आणि पाय हळदीत बुडवल्यासारखे पिवळे. घुमत नाही, मऊ शीळ घालतो. जमिनीवर क्वचितच उतरतो. माणसाची चाहूल लागली की आधी उडत नाही, नुसता थिजतो, आणि तुम्ही त्याच फांदीकडे बघत असूनही तो तुम्हाला पान वाटतो.

आपली सवय म्हणून मी कठड्यावर ज्वारी टाकली. हरियलांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांना फळं लागतात, वडाची, पिंपळाची, उंबराची. म्हणजे आपण सोडलेलंच सगळं. मी हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना कुठं मूलगुण पाळायचेत!" ज्वारीला मात्र पारवे आले आणि पाण्याच्या टाकीवर घाण करून गेले. ज्वारी बंद केली.

मग फोटोचं वेड लागलं. मोबाईलवर मोठं करून काढला की नुसता हिरवा डाग येई. भाच्याचा जुना कॅमेरा मागून आणला, लांबच्या भिंगाचा. त्यातही अडचणी होत्याच. कॅमेरा आपोआप पुढच्या पानावर नजर धरतो आणि पक्षी मागं धूसर राहतो. आभाळाच्या बाजूनं काढला तर काळा कोळसा दिसतो. भाच्यानं फोनवरून शिकवलं, मधल्या एकाच ठिपक्यावर धरायचं, ऊन पाठीवर घ्यायचं. थंडीत सकाळी ते उंबराशेजारच्या वाळक्या फांदीवर ऊन खात बसतात, तेव्हा बरे फोटो मिळू लागले. नात्यात सगळीकडे पाठवले. कौतुक झालं, आणि ते मला आवडलं.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते सांगते. गेल्या वर्षी चैत्रात शेवया वाळत घालायला गच्चीवर गेले, तर आंब्याच्या फांदीत घरटं दिसलं. घरटं कसलं, चार काटक्या आडव्या टाकलेल्या. खालून आरपार आभाळ दिसावं इतकं विरळ, आणि त्यात दोन पांढरी अंडी. पक्षी वर बसला की पानांत काही कळत नव्हतं. एक डहाळी नेमकी मध्ये येत होती. ती तोडायचा प्रश्नच नव्हता. आपण झाडाचं पानसुद्धा विनाकारण तोडत नाही, याचा मला त्या क्षणी अभिमानच वाटला असेल. मी सुतळी आणली आणि डहाळी बाजूला ओढून कठड्याच्या गजाला बांधली. पक्षी उडाला, अर्ध्या तासानं परत आला. मी मनासारखे चौदा फोटो काढले. सुतळी सोडायला दुपारी येऊ म्हटलं आणि शेवयांच्या गडबडीत राहून गेलं.

संध्याकाळी, सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून सगळी पानावर बसली होती, तेव्हा कावळ्यांचा गलका ऐकू आला. मी वर धावले. घरट्यात काही नव्हतं. खाली फरशीवर टरफल आणि ओला डाग.

हे म्हणाले, कावळ्याला ते सापडायचंच होतं. असेल तसं. पण पानांचा तो आडोसा मी बाजूला केला होता. हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आहे हे मी पाठशाळेत मुलांना शिकवते. सुतळी सोडायची राहिली तो प्रमाद म्हणता येईल. बांधली त्याला काय म्हणू? तिथं तर मी पुरती जागी होते. त्या रात्री आलोचना पाठ म्हणताना पहिल्यांदा माझा आवाज अडकला. सासूबाई शेजारीच होत्या, काही बोलल्या नाहीत. सकाळी गच्चीवर गेले तर सुतळी सोडून, गुंडाळी करून, कोनाड्यात ठेवलेली होती. गुडघे दुखतात म्हणून त्या वर्षभर जिना चढल्या नव्हत्या.

ते चौदा फोटो मी कुणाला पाठवले नाहीत. पुसलेही नाहीत.

या वर्षी उंबर पुन्हा लगडला आणि हरियल आले, एकदा नऊ मोजले. आता गच्चीवरून काढत नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढते. खिडकीला डासांची जाळी आहे, तिच्या रेषा फोटोत येतात. मुलगी म्हणते, "आई, चार स्क्रू तर आहेत, जाळी काढ ना." मी म्हटलं, राहू दे, डास येतात.