जुगाराची ओढ : स्वतःला विचारावयाचे प्रश्न

काटेवाडी परिसरात उसाचे बिल जमा झाले की घरोघरी देण्याघेण्याचे हिशेब मांडले जातात. दोन हंगामांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंच्या हिशेबात मोठी रक्कम जुळेना. पुढे कळले, ती लॉटरीच्या तिकिटांत गेली होती. 1962 साली मुंबईत कल्याणजी भगत यांनी सुरू केलेला मटका गावोगाव पोहोचला, त्या भर तारुण्यातही दादांनी कधी आकडा लावला नव्हता. मग बहात्तराव्या वर्षी हे कोठून आले?

उत्तर औषधांच्या चिठ्ठीत सापडले. दादांना कंपवात आहे. त्यावरील प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे मेंदूत डोपामिनसारखे कार्य करतात. त्यामुळे काही रुग्णांना जुगाराची, खरेदीची वा खाण्याची अनावर ओढ लागते. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू कमी केली आणि ती ओढ ओसरली. अशी औषधे मनाने एकाएकी बंद करणे मात्र धोक्याचे असते.

अर्थात प्रत्येक वेळी कारण औषधच असते असे नाही. एकाकीपण, रिकामा वेळ, जोडीदाराचा वियोग यांतूनही ही सवय रुजते. दिवाळीत चार पैसे लावून पत्ते खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो. ताबा सुटणे, खेळापुढे बाकी सारे गौण ठरणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, या खुणा दिसू लागल्या की तो आजार समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही त्याची नोंद आहे.

म्हणून प्रथम दोनच प्रश्न स्वतःला विचारावेत. अधिकाधिक रक्कम लावावी असे कधी वाटले का? किती खेळलो, हे जवळच्या माणसांपासून कधी लपवावे लागले का? एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर पुढे पाहावे : गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळतो का? थांबल्यावर चिडचिड होते का? औषधांचे वा घरखर्चाचे पैसे त्यात जातात का? उसनवारी केली का? महिनाभर तारीख, रक्कम आणि त्या वेळची मनःस्थिती वहीत लिहावी. स्मरण जिंकलेला डाव जपते. वही हरलेलेही सांगते.

घरच्यांनी दरडावू नये आणि गुपचूप कर्जही फेडू नये. दोन्हींमुळे लपवालपवी वाढते. आम्ही दादांच्याच संमतीने बँकेचे व्यवहार दोघांच्या सहीने सुरू केले. आरोप न करता विचारलेला प्रश्न त्यांना लागला नाही, उलट हलके वाटले.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या व्यथेचे एक सूक्त आहे. त्यातही फासे सोडून शेती कसण्याचा उपदेश येतो. मात्र उपदेशाने ओढ आवरत नसेल, तर मदत मागण्यात कमीपणा नाही. ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते, मराठीतूनही. कर्जाचा डोंगर उभा राहण्याची वाट न पाहता तो फोन वेळीच करावा.