मंडळाच्या हॉलचं काय करावं?

चि. बाळास,



कात्रजला आपल्या भोर-वेल्ह्याकडच्या मंडळाचा हॉल उभा राहिला, वाचून फार आनंद झाला. मी मुंबईत मिशननं काढलेल्या नागपाड्याच्या सेवाघरासारखं काही करा म्हटलं, तर तू लिहिलंस की चर्चची मदत धर्म वाढवण्यासाठीच असते. तुझी शंका रास्त आहे. आपल्याच नसरापूरला पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचं ठाणं होतं. भोर संस्थानातली खेडी पालथी घालणाऱ्या त्या मंडळींचा पहिला हेतू धर्मप्रसारच होता. पण शहरातल्या गरिबांसाठी चर्चच्या माणसांनी आणखी एक वाट पाडली, तीही तू पाहावीस.

लंडनच्या गरीब वस्तीत सॅम्युअल बार्नेट या पाद्र्यानं १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल काढला. शिकलेल्यांनी वस्तीतच राहायला यायचं, शेजारी व्हायचं, हा त्यामागचा विचार. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले, आणि पुढे त्याच धर्तीवर भायखळ्याजवळच्या दाट वस्तीत ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू झालं. लहान मुलांचे वर्ग, दवाखाना, वाचनालय, खेळायची सोय. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, ज्यू, सगळ्यांना दार उघडं. धर्मांतर हे त्या घराचं काम नव्हतं. मिशनच्या पैशावर, मिशनच्याच माणसानं हे ठरवावं, याला मी मोठं धैर्य म्हणते.

मॅन्शार्टना एक गोष्ट लवकर उमगली. नुसत्या कळवळ्यानं वस्तीचं काम होत नाही, ते शिकावं लागतं. टाटांच्या ट्रस्टनं साथ दिली आणि १९३६ मध्ये त्याच घरात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिले संचालक मॅन्शार्टच. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच.

आता आपल्याकडे बघ. भात निघालं की गडी मुंबईची वाट धरायचे. तुझे आजोबा गिरणगावात गावकीच्या खोलीत राहिले. एक जण पाळीवर गेला की दुसरा त्याच जागी पथारी टाकायचा. आजारपणात, मयतीला, गावकीच धावून यायची. त्या खोलीनं आपलं घर तगवलं, हे मी कधी विसरणार नाही. पण शेजारच्या खोलीतलं परगावचं पोर तापानं फणफणलं तर ते गावकीच्या हिशेबात नसायचं. नागपाड्याच्या घरानं हिशेब गावाचा ठेवला नाही, शेजाराचा ठेवला. मला त्यांच्याकडून एवढंच घ्यायचं आहे.

म्हणून हॉल रोज संध्याकाळी उघडा ठेवा. अभ्यासिका करा. वेल्ह्याहून कंपनीत कामाला आलेल्या पोरांना रात्री शिकवा, शिष्यवृत्तीचे आणि रेशनकार्डाचे अर्ज भरून द्या. पलीकडच्या बांधकामावर मराठवाड्यातून आलेल्या गवंड्यांची मुलं दिसतात, त्यांनाही आत घ्या, गाव न विचारता. आणि हे सांभाळायला समाजकार्य शिकलेली एखादी मुलगी पगारावर नेमा. फावल्या वेळातली सेवा पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकते.

येत्या सभेत हा ठराव मांड. कुणी खर्चाचं काढलं तर सांग, पहिल्या वर्षाचं वीजबिल आत्या भरणार आहे.

तुझी,
आत्या