पिवळ्या खांबापाशी

बॉस्टनला केनमोर स्टेशनवर उतरलात की रस्ता विचारू नका. रेड सॉक्सच्या टोप्या घातलेल्या गर्दीमागे चालत सुटा, दहा मिनिटांत फेनवे पार्क! १९१२ चं हे मैदान मेजर लीगमधलं सगळ्यात जुनं. खुर्च्या अरुंद, गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकतात, पण वातावरण एकदम झकास.

आमची तिकिटं राइट फील्डच्या कोपऱ्यात, पिवळ्या खांबाजवळ. शेजारी एक आजोबा, मांडीवर कागद घेऊन पेन्सिलीने स्कोअर लिहीत बसलेले. आम्ही क्रिकेटवाले हे कळल्यावर त्यांनी आमची शिकवणीच घेतली.

होम प्लेटपासून काटकोनात दोन पांढऱ्या रेषा निघतात, एक फर्स्ट बेसकडून, दुसरी थर्ड बेसकडून, थेट भिंतीपर्यंत. आतला चेंडू फेअर, बाहेरचा फाऊल. म्हणजे आपल्या सूर्यकुमारचा मागे मारलेला स्कूप इथे फुकट. फुकट तरी कुठे, पहिले दोन फाऊल स्ट्राइक म्हणून मोजतात! दोन स्ट्राइकनंतर मात्र कितीही फाऊल मारा, आऊट नाही. फक्त कुणी झेलला नाही पाहिजे, आणि तो नुसती बॅट आडवी धरून टेकवलेला बंट नको.

इथवर सोप्पं. गंमत पुढे. तिसऱ्या इनिंगला एकाने बंट केला. चेंडू फर्स्ट बेसच्या रेषेवरून रांगत निघाला आणि बॅटर जीव खाऊन पळाला. फील्डर? कंबरेत वाकून नुसता बघत उभा! मी ओरडले, ‘‘अरे उचल ना!’’ आजोबा हसले. बेसच्या अलीकडे पहिला टप्पा कुठे पडला याला काही अर्थ नाही. चेंडू कुठे थांबतो किंवा कुणी त्याला कुठे हात लावतो, ते बघायचं. बाहेर जाऊन परत आत आला तरी चालतं. फील्डर तो बाहेर जायची वाट बघत होता. चेंडू रेषेवरच थांबला. आणि रेषा फेअर!

आपल्याकडे क्रीझच्या रेषेवर बॅट असली तर आऊट, त्यामुळे हे पचायला वेळ लागला. बेस ओलांडताना रांगता चेंडू आत असेल, तर नंतर बाहेर गेला तरी फेअर. उंच उडून बेसपलीकडे पडला, तर मात्र पहिला टप्पाच मोजायचा. फील्डरचे पाय कुठेही असोत, बघायचं ते चेंडूकडे. आणि फाऊल असेल तर अंपायर ओरडतो, फेअर असेल तर नुसता हात दाखवतो. कारण ओरडलं की खेळ थांबतो.

आता तो पिवळा खांब. नाव ‘फाऊल पोल’, पण चेंडू थेट उडत येऊन त्याला लागला तर होम रन! नाव ठेवणाऱ्याला दंडवत. आमच्या जवळचा पेस्कीज पोल होम प्लेटपासून फक्त ३०२ फुटांवर. समोर लेफ्ट फील्डला, ३७ फुटी हिरव्या भिंतीवर, फिस्क पोल. १९७५ च्या वर्ल्ड सीरिजमधला सहावा सामना, बारावी इनिंग, ६-६. कार्लटन फिस्कने मारलेला चेंडू बाहेर वळत होता आणि तो उड्या मारत दोन्ही हातांनी चेंडूला ‘आत ये, आत ये’ करत होता. लागला खांबाला! रेड सॉक्स जिंकले. सातवा सामना सिनसिनाटीने घेतला, पण आजोबांना आठवतो तो सहावाच.

एवढ्यात मी मोबाइलवर फोटो बघत होते आणि आजोबांनी माझा खांदा धरून मला खाली ओढलं. सपाट्याने आलेला फाऊल दोन रांगा मागे खुर्चीवर आदळला. एका चिमुरड्याने तो उचलला; इथे तो चेंडू प्रेक्षकाचाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात थरथरत होते. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला ७९ वर्षांच्या एका प्रेक्षक बाईंचा असाच फाऊल डोक्याला लागून मृत्यू झाला. त्यानंतर, २०२० च्या सीझनपासून सगळ्या तीसही मैदानांनी संरक्षक जाळ्या वाढवल्या. पण आमच्या कोपऱ्यात जाळी नव्हती. खेळ थांबला असं अंपायर ओरडतो, चेंडूला ते ऐकू येत नाही.

मॅच संपल्यावर पेस्कीज पोलपाशी गेलो. खालचा भाग लोकांच्या सह्यांनी भरलेला. पेन माझ्याकडे नव्हतं. आजोबांनी कानावरची पेन्सिल पुढे केली, पण त्या पिवळ्या रंगावर ती उमटेचना.