मुके दुखणे

परप्रांती बदलून आलेल्या आम्हां नोकरदारांच्या घरी कुत्रे म्हणजे घरातलेच माणूस. लखनौस आमच्या नऊ वर्षांच्या चंपीने अन्न सोडले, ती नुसते पाणी पिऊ लागली, तेव्हा आमचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पेठेतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफीचे यंत्र नाही. ते घेऊन एक तज्ज्ञ ठरल्या दिवशी फिरतीवर येतात. त्यांनी पोटावरचे केस भादरले, गार मलम चोपडले आणि यंत्र फिरविले. कुत्र्याचे कान सेकंदाला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा आवाज टिपतात. या लहरींची कंपने लक्षावधी, म्हणून चंपीस त्यांची वार्ताही नव्हती. पडद्यावर गर्भाशय फुगून द्रवाने भरलेले दिसले. आत पू झाला होता. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया होऊन ती वाचली.

यंत्राचे उपकार आम्ही मानतोच. तथापि चंपी माजावर येऊन महिना झाला, हे विचारून घेऊन पहिली शंका काढली ती आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी. कोठे पाहावयाचे हे पाहुण्या तज्ज्ञास त्यांनीच सांगितले. बदलून आलेल्या साहेबास जुना कारकून लागतो, तो याचसाठी.