काकूंची सुई आणि घरची दिनदर्शिका

भिवंडीस आमच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशी, श्राद्धतिथी आणि दूधवाल्याचे खाडेदेखील न चुकता टिपलेले असतात. थोरल्या काकूंच्या सुईची तारीख मात्र एकदा टिपावयाची राहिली. त्या विसराचे फळ त्यांच्या पाठीच्या कण्यास भोगावे लागले. म्हणून हे चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

काकूंस आमवात जडून वीस वर्षे झाली. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटावी, असा हा रोग. प्रारंभी वज्रेश्वरी व अकलोली येथील उष्णोदकाच्या कुंडांत स्नाने झाली. शेक मिळाला, रोग हटला नाही. पुढे स्टेरॉइड सुरू झाले. याच रोगावर १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी ते प्रथम योजिले व १९५० साली आणखी दोघांसह त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. काकूंचे हात पुन्हा पोळ्या लाटू लागले. परंतु रोगाने झिजवलेली हाडे या औषधाने अधिकच ठिसूळ केली. साहजिकच हाडांसाठी निराळे औषध आले.

अशा रोग्यांस ही औषधे जपून द्यावी लागतात. अलेन्ड्रोनेटची गोळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हावयाचे नसते; स्क्लेरोडर्माने अन्ननलिका मंदावली असेल, तर ती तेथेच व्रण करू शकते. या औषधांवर असता दात काढल्यास क्वचित जबड्याची जखम भरून येत नाही; स्टेरॉइड घेणारांस हे भय अधिक. ल्युपसने मूत्रपिंडे फार दुबळी झाली असतील, तर डेनोसुमॅबच्या सुईने रक्तातील कॅल्शियम घातक प्रमाणात उतरू शकते. मूत्रपिंडाच्या अशा रोग्यांविषयी अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी जानेवारी २०२४ मध्ये ठळक इशारा दिला.

काकूंस हीच सुई दर सहा महिन्यांनी मिळे. तीन वर्षे सुरळीत गेली. पुढे घरात लग्न निघाले. "अरे, दुखत नाही, तर सुई कशाला? कार्य तर आटोपू दे," काकू म्हणाल्या, आम्हीही मान डोलावली. कार्य आटोपले, गणपती येऊन गेले. शेवटच्या सुईपासून नवव्या महिन्यात काकू तांब्या उचलावयास वाकल्या, त्या उठल्याच नाहीत. क्ष-किरणांच्या चित्रात तीन मणके चेपलेले दिसले.

डॉक्टरांनी मग उलगडा केला. ही सुई हाडे झिजविणाऱ्या पेशींस रोखून धरते. तिचा अंमल सरताच त्या दुप्पट जोमाने उठतात. म्हणून ती थांबवावयाची तर मागोमाग दुसरे औषध द्यावे लागते. आम्ही ती चुकविली, हे त्यांस कोणी कळविलेच नव्हते!

असो. दोष औषधाचा नव्हे. औषधावाचूनही अशी हाडे मोडतातच. परंतु आरंभापूर्वी दात, मूत्रपिंडे व ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. प्रत्येक वैद्यास सर्व औषधांची यादी दाखवावी. आणि बंद करण्याचा निर्णय माजघरात घेऊ नये. एकत्र कुटुंबात दहा माणसे काळजी करणारी असतात, पण तारीख लक्षात ठेवणे नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते. आमच्या घरी आता ते काम धाकट्या सूनबाईंकडे आहे. काकू पट्टा बांधून हिंडू-फिरू लागल्या आहेत, आणि नवी दिनदर्शिका आली की प्रथम आपली तारीख पाहतात, एकादशी नंतर.