नेम आणि नियम

नेम चुकला की दोष कोणाला द्यावा, या प्रश्नावर आमच्या घरात फार दिवस दोन पक्ष होते. एक मामांचा आणि दुसरा माझा. मामांचे म्हणणे असे, की नेम हा हाताचा गुण आहे. तो खेळून खेळून हातात उतरतो, सांगून कोणाला येत नाही. माझे म्हणणे असे, की जी गोष्ट सरळ रेषेत जाते तिला नियम असतो, आणि जिला नियम असतो ती शिकवता येते. या थोर वादाचे निमित्त मात्र अगदी साधे होते. आमच्या माडीवरचा कॅरमबोर्ड!

कोठीच्या रहदारीतून सुलतान बाजाराकडे वळले की आत ज्या गल्ल्या फुटतात, त्यांपैकी एकीत आमचे बिऱ्हाड होते. बिलियर्ड्सचा खेळ आमच्या हैदराबादला नवा नाही. फलकनुमा राजवाड्यात त्यासाठी खास खोलीच आहे. परंतु तो थाट राजवाड्यांचा आणि क्लबांचा. आम्हा गल्लीतल्या मुलांचे बिलियर्ड्स म्हणजे कॅरम. काठीऐवजी बोट, चेंडूऐवजी सोंगटी, आणि हिरव्या बनातीऐवजी बोरिक पावडर शिंपडलेले गुळगुळीत लाकूड. दिवेलागणीनंतर बोर्डावर बल्ब खाली ओढला, की जेवणाची हाक तिसऱ्यांदा येईपर्यंत कोणी उठत नसे.

भूमितीच्या तासाला एके दिवशी मास्तरांनी स्पर्शवर्तुळांचे प्रमेय शिकवले. दोन वर्तुळे एकमेकांना स्पर्श करीत असतील, तर त्यांची केंद्रे आणि स्पर्शबिंदू एकाच रेषेत असतात. मास्तर फळ्यावर वर्तुळे काढीत होते. मला मात्र तेथे स्ट्रायकर आणि सोंगटी दिसत होती. घरी येताच मी वही उघडली आणि कंपासपेटी घेऊन बसलो. युक्ती अशी: ज्या कोपऱ्यात सोंगटी घालायची, त्या कोपऱ्यापासून सोंगटीच्या मध्यातून एक रेघ मनाशी ओढावी आणि ती मागे वाढवावी. त्या रेघेवर, सोंगटीला मागून टेकलेला एक काल्पनिक स्ट्रायकर ठेवावा. नियमांतील मोठ्यात मोठे माप धरले, तर स्ट्रायकरचा व्यास ४१.३ मिलिमीटर आणि सोंगटीचा ३१.८, म्हणजे दोहोंच्या केंद्रांत सुमारे साडेछत्तीस मिलिमीटरचे अंतर. खरा स्ट्रायकर नेमका त्या काल्पनिक जागी पोहोचवला, की सोंगटीला कोपऱ्यात जाण्यावाचून गत्यंतर नाही!

हा शोध मीच लावला अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढे कळले, की बिलियर्ड्सचा जो ‘पूल’ नावाचा भाऊबंद आहे, त्याचे खेळाडू हीच युक्ती चेंडूंवर वापरतात, आणि तिच्या जोडीला नेम धरण्याच्या आणखी पुष्कळ पद्धती सांगतात. आपल्या चेंडूने समोरचा चेंडू बरोबर अर्धा झाकला, तर समोरचा चेंडू ३० अंशांनी वळतो, हे त्यांचे एक सूत्र. भूमितीने पडताळून पाहावे, ते खरे ठरते. एवढेच काय, ज्याच्या नावाने आपण भूगोलात वाऱ्यांचे वळणे शिकतो, त्या कोरिओलिस या फ्रेंच विद्वानाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर सबंध ग्रंथ लिहिला होता.

वहीत माझी एकही सोंगटी चुकत नसे. बोर्डावर मात्र चारांतल्या तीन चुकत. कारणे आता सांगता येतात. वहीकडे आपण वरून पाहतो, बोर्डाशी मात्र एका बाजूला बसतो. तेथून ती काल्पनिक जागा डोळ्यांना तिरपी दिसते. स्ट्रायकर सोंगटीला नुसता ढकलत नाही, घासतोही. त्या घर्षणाने सोंगटी थोडी त्याच्या दिशेला ओढली जाते आणि हिशेबापेक्षा कमी वळते. शिवाय चुकीचे व्याज फार जबर असते. जवळजवळ सरळ फटक्यातही स्ट्रायकरचे केंद्र एक मिलिमीटर सरकले, तर चाळीस सेंटिमीटर दूर जाईपर्यंत सोंगटी अकरा मिलिमीटर भटकते. कोठे मारावे हे प्रमेय सांगते. बोटाला तेथे पोहोचवणे हे काही त्याचे काम नव्हे.

परंतु त्या वयात एवढा विचार कोण करतो! नियमात उणीव नाही, आपल्या हातात आहे, तेव्हा एखादा चांगला हात शोधून त्याला नियम शिकवावा, असे मी ठरवले. तो हात घरातच होता. माझी धाकटी बहीण तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला कोणी काही शिकवले नव्हते. मोठ्यांचा डाव संपला की उरलेल्या सोंगट्या घेऊन ती एकटीच खेळत बसे, आणि तिने मारलेली सोंगटी घरी परतल्यासारखी कोपऱ्यात जाई. गल्लीच्या गणेशोत्सवात मुलांच्या कॅरमच्या स्पर्धा होत्या. त्यांना पंधरा दिवस उरले असताना मी तिचा गुरू झालो.

पंधरा दिवस मी तिला वही पढवली. फटक्याआधी रेघ ओढ, मागे वाढव, स्ट्रायकर मनात ठेव, कोपर आत घे, बोट सरळ सोड. तिने सारे पाठ केले. मामा एकदा जिना चढून आले, थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हौल्या, तिला खेळू तरी दे!” आमच्या हैदराबादी बोलीत हौला म्हणजे खुळा. मी ते मनावर घेतले नाही.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्याच फेरीत ती हरली. हरण्याचे दुःख मला नव्हते. मला दिसत होते ते तिचे बोट. स्ट्रायकरमागे ते थांबे, थरथरे, पुन्हा उचलले जाई. ओठ पुटपुटत होते. माझी सूत्रे ती म्हणत होती. समोर सोपी राणी होती. ती तिने घालवली, आणि पाठोपाठ डावही. घरी येताना वाटभर ती बोलली नाही. जिन्याच्या पायरीवर थांबून म्हणाली, “दादा, आधी मला सोंगटी दिसायची. आता तुझी वही दिसते.”

दिवाळी आली नि गेली, तरी ती बोर्डाशी बसली नाही. मुलीच्या अंगातली एक आनंदाची गोष्ट मी माझ्या हुशारीने मारून टाकली, असे मला वाटू लागले. आणि हे वाटणे काही केल्या जाईना. शेवटी मी वही बासनात गुंडाळली आणि मामांकडे गेलो.

मामांनी मला दोष दिला नाही, आणि तिला खेळायचा आग्रहही केला नाही. एका संध्याकाळी त्यांनी बोर्डावर एकच सोंगटी ठेवली, तिला जवळ बोलावले आणि म्हणाले, “मार, मी पाहतो.” ते सोंगटीकडे पाहत नव्हते, तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. चार फटके झाल्यावर म्हणाले, “बोट सुटायच्या क्षणी तुझी नजर बोटाकडे येते. ती सोंगटीवरच राहू दे. बाकी काही करू नकोस.” बस, एवढीच शिकवण! ही गोष्ट तिला स्वतःला कधीच दिसली नसती, कारण आपले डोळे आपल्याला दिसत नाहीत. त्यानंतर प्रत्येक चुकीला मामा फक्त एक प्रश्न विचारीत, “जास्त कापली, की कमी?” सुरुवातीला ती नुसतीच मान हलवी. पुढे पुढे सांगू लागली, “जाड लागली, मामा,” “बारीक लागली.” सांगितले, की पुढची सोंगटी बहुधा जाई.

द्रोणाचार्यांची परीक्षा आपण सर्वांनी वाचलेली आहे. धनुष्य कसे धरावे, हे त्या दिवशी त्यांनी विचारले नाही. ‘तुला काय दिसते?’ एवढेच विचारले. आधुनिक संशोधकही फिरून त्याच झाडाखाली आले आहेत, हे मी अलीकडे वाचले. १९९२ साली रिचर्ड मास्टर्स यांनी गोल्फचा चेंडू खळीत ढकलण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही नवशिक्यांना त्यांनी सूत्रे शिकवली. काहींना काहीच न सांगता, मन दुसऱ्या कामात गुंतवून, सराव करायला लावले. नंतर परीक्षेचा ताण आणला, तेव्हा सूत्रे पाठ असलेल्यांची प्रगती अडली. दुसऱ्यांची चालूच राहिली. २००२ साली मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या नजरेची मोजमापे प्रसिद्ध केली. फटक्यापूर्वी निष्णात खेळाडूची नजर अधिक काळ स्थिर राहते, आणि साधलेल्या फटक्याआधी ती चुकलेल्या फटक्यापेक्षाही अधिक स्थिर असते, असे त्यांना आढळले. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर बहिणीचे पुटपुटणारे ओठ आले.

मग शिक्षण व्यर्थ म्हणावे काय? तसे मुळीच नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. पुढे १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो शिकवण्यासाठी. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणींनी पंचविसाहून अधिक जागतिक अजिंक्यपदे मिळवली. त्यांना अरविंद सवूर यांच्यासारखा गुरू लाभला होता. इतक्या उंचीवरच्या खेळाडूलाही आपल्याकडे बाहेरून पाहणारे दोन डोळे लागतात. प्रश्न शिकवावे की नाही हा नाहीच. काय, किती आणि केव्हा सांगावे, हा आहे.

माझी चूक नियमात नव्हती, त्याच्या वेळेत होती. नियम मी तिला फटक्याच्या आधी दिला. त्याची खरी जागा फटक्याच्या नंतर आहे. बोट सुटण्याच्या क्षणी मनात सोंगटीखेरीज काही नसावे. पण सोंगटी चुकली, की ती का चुकली हे नियमच सांगतो. ज्याला नियम ठाऊक नाही, तो चुकल्यावर नशिबाला बोल लावतो आणि तीच चूक पुन्हा करतो. ज्याला तो ठाऊक आहे, त्याला चुकलेली सोंगटीही काही शिकवून जाते. हाताला सराव लागतो हे मामांचे म्हणणे खरे. पण ‘जास्त की कमी’ हा त्यांचा प्रश्नही भूमितीचाच होता, हे त्यांनी कधी कबूल केले नाही!

पुढल्या गणेशोत्सवात ती पुन्हा उतरली. तीन फेऱ्या जिंकून चौथीत हरली. रात्री घरी येऊन तिने चपला काढल्या, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, “दादा, शेवटची काळी का गेली नाही ते मला कळलंय, पण नीट मांडून बघायचंय. तुझी ती वही कुठंय?”

मी बासन सोडून वही दिली. ती आजही तिच्याकडेच आहे.