साडेतीन डॉलरांत बार्बाडोस

क्रूझचे जहाज बंदरात थांबते ते जेमतेम आठ-नऊ तास. तेवढ्या वेळात जहाजावरची महागडी सहल घ्यावी, की गावची बस पकडून आपले आपणच बेट पाहावे? उत्तर खिशात जेवढे आहे, त्याहून अधिक घड्याळात आहे.

सकाळी आठच्या सुमारास ब्रिजटाउनच्या धक्क्याला एखादे बारा-चौदा मजली जहाज लागते आणि तासाभरात हजारो माणसे खाली उतरतात. त्यांतले बरेचसे हातात सहलीची तिकिटे घेऊन वातानुकूलित बसगाड्यांकडे वळतात. उरलेले मात्र बंदराच्या फाटकाशी थबकतात. समोर टॅक्सीवाले हाका मारत असतात, डोक्यावर ऊन चढत असते आणि संध्याकाळी पाचला जहाज सुटणार असते.

या थबकलेल्यांत अलीकडे मराठी कुटुंबेही दिसू लागली आहेत. अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणारी मुले भेटीला आलेल्या आई-वडिलांना कॅरिबियन समुद्रात आठवडाभर फिरवून आणतात. जहाजाचे भाडे आधीच भरलेले असते, खाणे-पिणेही त्यातच असते. खरा खर्च सुरू होतो तो प्रत्येक बंदरात उतरल्यावर. जहाजावर विकली जाणारी अर्ध्या दिवसाची सहल माणशी पन्नास अमेरिकी डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. चार माणसे आणि चार बंदरे असा हिशेब मांडला, की यजमान मुलाचाही चेहरा उतरतो.

मुंबईहून लहान देश

बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांच्या माळेतले सर्वांत पूर्वेकडचे बेट. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३, क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही थोडे लहानच. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. भाषा इंग्रजी, वाहने डाव्या बाजूने चालणारी आणि बससेवा भरपूर. स्वतःच्या हिमतीवर फिरू पाहणाऱ्याला इतके सोयीचे बेट त्या समुद्रात क्वचितच मिळेल.

पैशांचे गणितही सोपे आहे. १९७५ पासून एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा दर ठरलेला आहे. २०१९ पासून बसचे भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर आहे. दोन थांबे जा की बेटाच्या टोकाला जा, भाडे तेवढेच. चार जणांचे जाणे-येणे २८ बार्बाडोस डॉलरांत, म्हणजे १४ अमेरिकी डॉलरांत होते.

बसगाड्या तीन तऱ्हेच्या आहेत. निळ्या सरकारी बसमध्ये सुटे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे बेतानेच रक्कम जवळ ठेवावी. पिवळ्या मिनीबस आणि लाल पट्ट्याच्या पांढऱ्या व्हॅन खासगी असतात. व्हॅनच्या नंबरप्लेटवर ‘झेडआर’ ही अक्षरे असतात आणि लोकही त्यांना त्याच नावाने ओळखतात. आत मोठ्याने गाणी लागलेली असतात, तिघांच्या जागेवर चौथा सरकून बसतो आणि कंडक्टर दारातून ओरडून प्रवासी गोळा करतो. आपल्याकडच्या वडाप जीपची सवय असलेल्याला यात नवल वाटू नये. थांब्याच्या पाट्यांवर ‘टू सिटी’ आणि ‘आउट ऑफ सिटी’ एवढेच लिहिलेले असते. पहिली शहराकडे, दुसरी शहराबाहेर. चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्याची मात्र येथे रीत आहे. ते न म्हणणारा पाहुणा उद्धट ठरतो.

पायी पाहण्याजोगे शहर

बंदरापासून शहराचा मध्यभाग रमतगमत अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. जुने ब्रिजटाउन आणि तेथील लष्करी छावणीचा भाग यांना २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. घड्याळाच्या मनोऱ्याची संसद इमारत एकोणिसाव्या शतकातली असली, तरी येथील संसद १६३९ पासूनची आहे. समोरच्या चौकाचे नाव पूर्वी ट्रॅफलगर स्क्वेअर होते. १९९९ मध्ये ते नॅशनल हीरोज स्क्वेअर झाले. तेथे १८१३ पासून उभा असलेला ॲडमिरल नेल्सनचा पुतळा नोव्हेंबर २०२० मध्ये हलवण्यात आला आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी बार्बाडोसने ब्रिटनच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करून स्वतःला प्रजासत्ताक घोषित केले. एवढा इतिहास पाहण्यासाठी तिकीट लागत नाही.

चीपसाइडच्या मंडईत शिरले, तर कोकणातून आलेल्या माणसाला चुकल्यासारखे वाटणार नाही. नीरफणस येथे रोजच्या जेवणात असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी ताहितीहून कॅरिबियन बेटांवर आणलेले हे झाड. त्याच्या शेजारी आंबाड्याच्या जातीचे ‘गोल्डन ॲपल’ आणि साखरेत घोळवलेले चिंचेचे गोळे. शाकाहारी माणसाला आधार म्हणजे बटाटा किंवा छोले भरलेली रोटी. बार्बाडोसला मजूर पुरेसे असल्याने येथे भारतीय गिरमिटिये मोठ्या संख्येने आलेच नाहीत. पण १८४५ पासून त्रिनिदादला गेलेल्यांची रोटी समुद्र ओलांडून येथवर पोहोचली. मासे खाणाऱ्यांनी पावात घातलेला उडणारा मासा चुकवू नये. राष्ट्रीय पक्वान्नातही त्याचाच मान आहे.

क्रिकेटवेड्यांची वाट

मराठी घरातल्या निदान एकाला तरी संसदेपेक्षा केन्सिंग्टन ओव्हल पाहण्याची घाई असेल. हे मैदान बंदरापासून फार लांब नाही. बाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. फ्रँक वॉरेल, एव्हर्टन वीक्स आणि क्लाइड वॉलकॉट हे तिघे याच मैदानाच्या आसपासच्या वस्तीत जन्मले. तिघांनाही बेटावरच, विद्यापीठाच्या केव्ह हिल येथील परिसरात एकमेकांशेजारी चिरविश्रांती मिळाली आहे.

भारताच्या आठवणी येथे कडू-गोड आहेत. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस संघाविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कंत्राटदार यांच्या डोक्यावर आदळला. कवटीला जबर इजा झाली. प्राण वाचवण्यासाठी ज्यांनी रक्त दिले, त्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार वॉरेल होते. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगरही होते. कंत्राटदार वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. मार्च १९९७ मध्ये येथेच विजयासाठी १२० धावा हव्या असताना सचिन तेंडुलकरच्या नेतृत्वाखालील संघ ८१ धावांत गारद झाला. आणि २९ जून २०२४ रोजी याच मैदानावर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर झेल टिपला, भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि रोहित शर्माने खेळपट्टीवरचे गवत चाखून पाहिले. सामना नसताना फाटक बंद असले, तरी भिंतीबाहेर उभे राहून या तीन तारखा मुलांना सांगण्याजोग्या आहेत.

खिडकीतून दिसणारे बेट

दुपारपर्यंतचा वेळ हाताशी असेल, तर प्रिन्सेस ॲलिस बसस्थानकावरून उत्तरेकडे स्पाइट्सटाउनला जाणारी बस घ्यावी. पाऊण ते एक तासाचा हा रस्ता पश्चिम किनाऱ्याला लागून जातो. एका बाजूला श्रीमंतांचे बंगले आणि भारी हॉटेले, तर मधूनमधून लहानशी रंगीत लाकडी घरे.

ही घरे म्हणजे बेटाचा लाकडात लिहिलेला इतिहास आहे. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये मजूर खऱ्या अर्थाने मोकळे झाले. पण उसाची जमीन मळेवाल्यांचीच राहिली. मजुराचे घर स्वतःचे, खालची जमीन मात्र मालकाची. म्हणून घराला पाया घातला जात नसे. दगडांच्या ठोकळ्यांवर लाकडी घर ठेवलेले असे. मालकाने हाकलले, की फळ्या सोडवायच्या, गाडीवर लादायच्या आणि दुसरीकडे घर उभे करायचे. सहलीच्या गाडीतही वाटाडा हे सांगतो. पण बसमध्ये शेजारी बसलेली, मंडईतून पिशव्या भरून निघालेली बाई तसल्याच एका घराशी उतरते, तेव्हा ती माहिती माहिती राहत नाही.

वाटेत होलटाउन लागते. १६२७ मध्ये पहिले इंग्रज वसाहतवाले येथेच उतरले. गावातल्या स्मारकस्तंभावर इंग्रजांच्या पहिल्या आगमनाचे साल १६०५ असे कोरलेले आहे. प्रत्यक्षात ते जहाज १६२५ मध्ये आले होते, पण दगड तसाच राहिला!

ज्यांना फक्त समुद्रस्नान हवे, त्यांनी बसही घेऊ नये. शहराच्या मध्यापासून वीस मिनिटे चालले, की कार्लाइल बे लागतो. पाणी शांत, वाळू पांढरी, नशिबाने समुद्री कासवही दिसते. बेटावरचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. खुर्ची-छत्रीचे भाडे लागते, समुद्राचे नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी. किनाऱ्यावर खोडाला लाल पट्टा रंगवलेले मँचिनीलचे झाड दिसले, तर त्याच्या सावलीला जाऊ नये. फळ विषारी असते आणि पावसात त्याखाली उभे राहिले, तर अंगावर पडणाऱ्या पाण्यानेही कातडीला फोड येतात.

जहाज थांबत नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. जहाजाने विकलेली सहल परतायला उशीर झाला, तर जहाज तिच्यासाठी थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत विमानाने स्वखर्चाने जावे लागते, आणि तेही त्या देशाचा व्हिसा असेल तर. दोनशे डॉलर वाचवायला निघालेल्या कुटुंबाला हजाराचा फटका बसतो तो असा.

म्हणून निघण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. जहाजावरचे घड्याळ आणि बेटावरचे घड्याळ एकच वेळ दाखवते का, ते विचारून घ्यावे. त्यांत तासाचा फरक असू शकतो. पारपत्राची प्रत आणि जहाजाच्या दैनिक पत्रकात छापलेला बंदरातील एजंटचा फोन नंबर जवळ ठेवावा. आणि जहाजावर परतण्याची जी शेवटची वेळ दिली असेल, तिच्या एक तास आधी बंदरात पोहोचायचे, असे घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकावे.

याच कारणाने पूर्व किनाऱ्यावरच्या बाथशेबाचा मोह बसने जाणाऱ्यांनी आवरलेला बरा. अटलांटिकच्या लाटा आणि किनाऱ्यावरचे प्रचंड खडक पाहण्यासारखे आहेत. पण तिकडच्या बसगाड्या कमी आणि एक चुकली तर दुसरीची वाट पाहण्यात दिवस जातो. तेथे जायचेच असेल, तर दोन कुटुंबांनी मिळून टॅक्सी ठरवावी. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर नुसता ‘झेड’ असतो आणि आत मीटर नसतो. त्यामुळे बसण्यापूर्वीच भाडे किती, ते माणशी की गाडीचे, आणि डॉलर बार्बाडोसचे की अमेरिकेचे, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. शेवटचा प्रश्न विसरला, तर भाडे दुप्पट होते. हॅरिसन्स केव्हसारखी चुनखडीची गुहा पाहायची असेल, किंवा बरोबर गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी असतील, तर जहाजाची सहल घेण्यात कमीपणा नाही. तेथे पैसे निश्चिंतीचे असतात.

बाकीच्यांनी मात्र दोनच ठिकाणे निवडावीत, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. शहर आणि समुद्रस्नान, किंवा शहर आणि स्पाइट्सटाउनची बस. लष्करी नक्षीचे कपडे जहाजावरच ठेवावेत, कारण बार्बाडोसमध्ये ते घालणे लहान मुलांनाही कायद्याने मना आहे. पाण्याची बाटली, टोपी आणि टॉवेल जहाजावरूनच घ्यावे. आणि साडेतीन डॉलरांचे सुटे पैसे परतीच्या बससाठी सकाळीच वेगळ्या खिशात ठेवून द्यावेत.